छत्तीस चिंचोक्यांचा मैल

यंदा लातुरात थंडी उशिरा आली, पण आली ती दार न वाजवताच घरात शिरली. एके पहाटे पांघरूण अपुरं पडलं आणि डोळ्यांच्या आधी माझ्या पोटऱ्या जाग्या झाल्या. त्यांना कॅलेंडर लागत नाही. सत्तावन्न वर्षांच्या या पोटऱ्या गार वारा लागला की दावणीच्या खोंडासारख्या आदळआपट करायला लागतात. मी अंधारातच बुटाच्या नाड्या बांधत होतो, तेवढ्यात पांघरुणातून आवाज आला, "निघालात का मैल पळायला?"

म्हटलं, "हो."

"दरवर्षी पळता अन् परत इथंच येता. एखाद्या वर्षी कुठं पोचून तरी दाखवा की."

सुजाता माझी बायको. तिच्या या प्रश्नाचं उत्तर मला तीस वर्षांत सापडलेलं नाही, आणि मी गणिताचा मास्तर आहे.

लातुरात गणिताचा मास्तर असणं म्हणजे खायचं काम नाही. इथं पहाटे पाचला पोरंपोरी दप्तरं लावून शिकवणीला पळत असतात. त्यांच्या डोळ्यांत झोप असते आणि तोंडात सूत्रं. मी शाळेत शिकवतो आणि गुण कापण्यात मी कसाई आहे असं पोरं म्हणतात. खरंच आहे ते. उत्तर बरोबर आलं पण पुढं 'मीटर' लिहिलं नाही, की माझा लाल पेन चाललाच. मास्तरची मोजणी चुकत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे.

मैदानावर हल्ली पोपटी बनियनातली डॉक्टर मंडळी भेटतात. एकवीस किलोमीटर, बेचाळीस किलोमीटर अशी त्यांची भाषा. त्यांतला एकजण मला म्हणाला, "काका, तुमचं किती होतं?"

"एक मैल."

"फक्त?"

मी त्याला म्हटलं, "डॉक्टर, मैल संपल्यावर तुम्हाला 'फक्त' म्हणता आलं, तर तुम्ही मैल पळालाच नाहीत." तो हसला. मीही हसलो, पण मी खरं बोलत होतो. शंभर मीटर म्हणजे शिंक, आली, गेली. मॅरेथॉन म्हणजे संसार, रेटत न्यायचा. मैल मात्र नवरा-बायकोच्या भांडणासारखा असतो. सुरुवातीला माघार घ्यायची सोय असते, मध्यावर गेल्यावर नसते. तिसऱ्या पाव मैलात तर माणूस उघडाच पडतो. पहिला पाव अंगातली मस्ती पळवते, दुसरा सवय पळवते, शेवटचा लोकांची भीती पळवते. तिसऱ्यात कुणीच मदतीला येत नाही. छातीत कढई तापते, पाय कुणीतरी उसने दिल्यासारखे वाटतात, आणि आपण मनाशी जे काही खोटं बोललेलो असतो ते सगळं समोर येऊन उभं राहतं. मला तो तिसरा पाव मैल लई आवडतो. आयुष्यभर मी त्याच्यासाठीच पळालो.

आणि हे सगळं एकाच हिवाळ्यात सुरू झालं.

आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्यावरचं. वडील शिक्षक. मुदखेडहून बदली होऊन आम्ही तिथं आलो तेव्हा मी चौथीत होतो. आम्हाला ना शेत, ना बैल. धान्य दुकानातून किलोनं यायचं, पिठाच्या डब्यात जायचं आणि संपायचं. माझा दोस्त बसवराज, म्हणजे बसू, याच्या घरी मात्र सगळं मापानंच चालायचं. त्याचे वडील वीरभद्रअप्पा मोंढ्यात मापारी होते. शेतकऱ्याचं धान्य व्यापाऱ्याला मोजून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या हातातल्या पायलीवर दोन्ही बाजूंचा विश्वास. भांडण झालं तर लोक म्हणायचे, "अप्पाला बोलवा. अप्पा मोजंल ते खरं."

त्या हिवाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. पहाटे गावाबाहेर पडलं की आधी शेकोटीचा धूर, मग शेणाचा, मग एकदम हरभऱ्याचा आंबट वास. बायका हरभऱ्यावर ओली फडकी पसरायच्या आणि दवात उतरलेली आंब पिळून बाटलीत भरायच्या. पोटदुखीला औषध म्हणून. आम्ही बांधावरून पळत गेलो की ती आंब पिंढऱ्यांना लागायची आणि आग व्हायची. पुढं करडईचं रान होतं. त्यात चुकून पाय पडला की काटे काढण्यात सकाळ जायची. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असायची, आणि माळ्यावरचा राखणदार पाखरांना घातलेली शिवी आम्हालाही लागू करायचा. त्या वर्षी आम्ही दोघं सोळा वर्षांचे होतो आणि गावात आमच्याएवढं वेगानं पळणारं कुणी नव्हतं. कुत्री धरून सांगतो.

आमचे पी.टी.चे सर फौजेतून आलेले. त्यांना मैलाशिवाय दुसरं अंतर मान्यच नव्हतं. त्यांनी दिवाळीनंतर सांगून टाकलं, "येळवशीच्या सकाळी मैल पळायचा. पाच मिनिटांच्या आत आलात तर नांदेडला जिल्ह्याच्या निवडीला नेतो. नाही आलात तर आपापल्या बापाच्या धंद्याला लागा."

माझ्या बापाचा धंदा मास्तरकीचा, त्यामुळं मला धमकी फारशी लागली नाही. बसूला लागली. त्याला पळण्याशिवाय जगात दुसरं काही नको होतं. निवड झाली तर पुढं पोलिसात, फौजेत कुठंतरी खेळाडू म्हणून घेतील, असं सर म्हणाले होते. त्यानं ते वाक्य पाठ केलं होतं. पळताना गळ्यातलं इष्टलिंग उडू नये म्हणून तो ते रुमालानं छातीशी आवळून बांधायचा, चपला काढून हातात घ्यायचा आणि सुटायचा. मी त्याच्या मागं. त्याच्या टाचा मला माझ्या तळहातापेक्षा जास्त पाठ होत्या.

पण मैल कुठं होता? गावात मैदान एवढंसं. सर म्हणाले, "मोजून ठेवा रे." मोजायचं माझ्याकडं आलं, कारण गणित माझं. ओढ्याच्या पुलापासून तळ्याकडं जाणारी सरळ सडक आम्ही निवडली. अप्पांची अठ्ठावीस इंची सायकल घेतली, चाकाला दोरा गुंडाळून घेर काढला, आणि मी कागदावर हिशेब मांडला: चाकाचे सातशेवीस फेरे म्हणजे एक मैल. बरोब्बर. आजही तो हिशेब तपासा, एक आकडा चुकलेला नाही.

सातशेवीसपर्यंत मोजणार कोण? अप्पा म्हणाले, "सातशेबितशे मला नगं. इसावर घ्या." जुनी माणसं विसांवर मोजायची. वीस म्हणजे एक इसा. सातशेवीस म्हणजे छत्तीस इसा. ठरलं असं: अप्पा सायकल ढकलणार, व्हॉल्व्ह वर आला की मनात एक फेरा धरणार, वीस झाले की ओरडणार. माझ्या डाव्या खिशात छत्तीस चिंचोके. अप्पा ओरडले की एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा. डावा खिसा रिकामा झाला की मैल झाला. बसू मागून चुन्याची बादली घेऊन येत होता.

अप्पांनी पुलावर सायकल टेकवली, आभाळाकडं बघून काहीतरी पुटपुटले आणि निघाले. थोडं पुढं गेल्यावर मोठ्यानं म्हणाले, "लाभ!" मला वाटलं, देवाचं नाव घेतलं. मी हात जोडले. मग पुढं "इसा!" झालं, तेव्हा मी पहिला चिंचोका टाकला. पुन्हा "इसा!", दुसरा टाकला. असं करत तळ्याच्या अलीकडं डावा खिसा रिकामा झाला. तिथं बसूनं एक बैठा दगड लोळवत आणला आणि चुन्यानं पांढरा केला. आमचा मैल तयार झाला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच पांडव मांडून पूजायचे, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. ज्याला शेत नाही त्याला बोलावणी आधी येतात. आम्हाला पाच-पाच यायची. त्या सकाळी सडकेवर बायका डोक्यावर आंबिलीची मडकी घेऊन चालल्या होत्या. सरांनी चावीचं घड्याळ वर धरलं, आणि आम्ही सुटलो.

त्या शर्यतीचं मला सगळं आठवतं, आणि सगळ्यात जास्त आठवतो तो तिसरा पाव मैल. विहिरीपाशी बसूनं मागं वळून पाहिलं होतं. मी येतोय का, ते बघायला. मी येत होतो. तो हसला आणि आणखी जोरात सुटला. माझ्या डोळ्यांसमोर काजवे. शेवटी तो दगडाला हात लावून खाली पडला, मी त्याच्यावर पडलो.

सर घड्याळ बघत म्हणाले, "बसवराज, पाच मिनिटं तीन सेकंद. तू, पाच सहा. दोघं नापास."

बसू उताणा पडल्या पडल्या म्हणाला, "सर, तीनच सेकंद तर हायत."

"तीन सेकंदांत गोळी लागतेय," सर म्हणाले आणि घड्याळ खिशात टाकलं. माणूस वाईट नव्हता. शब्दाचा पक्का होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी बसूच्या हातात पायली दिली. तो मोंढ्यात गेला तो आजतागायत तिथंच आहे. आता मापं गेली, काटे आले, आणि तो एका अडतीवर मुनीम आहे. मी पुढच्या जूनमध्ये नांदेडला कॉलेजात गेलो. मला नांदेडला जायला पळावं लागलं नाही. वडिलांनी एस.टी.त बसवलं.

मी मात्र मैल सोडला नाही. नांदेडात गोदावरीच्या काठानं पळालो, लातुरात शाळेच्या मैदानावर पळालो, लग्नाच्या आदल्या सकाळी पळालो आणि हळदीच्या अंगाला घाम आला म्हणून बोलणी खाल्ली. पाच मिनिटांची भिंत माझ्यानं पुन्हा कधी गाठली गेली नाही. तिशीत साडेपाच, चाळिशीत सव्वासहा, आता साडेसात. वय वाढलं की शाळेतल्या पोरांसारखे सेकंदही हाताबाहेर जातात. तरी दर येळवशीला मी आणि सुजाता बसूकडं जातो, आणि सकाळी मी त्याच जुन्या सडकेवर आमचा मैल पळतो. दरवर्षी बसूला म्हणतो, "चल." दरवर्षी तो म्हणतो, "मला काय कामं न्हाईत का? तू जा, तुला पेन्शन मिळणार हाय." त्या शर्यतीनंतर त्यानं कधी त्या सडकेवर पाय उचलून टाकला नाही. मी कधी विचारलं नाही. पुरुषांच्या दोस्तीत न विचारलेल्या गोष्टींचा ढीग मोठा असतो.

सडक आता डांबरी झाली आहे. आमच्या दगडाला भरतीच्या पोरांनी ऑइल पेंट लावून '१ मैल' लिहिलंय. पोलीस भरतीला सोळाशे मीटर पळावं लागतं, म्हणजे मैलाला नऊ मीटर कमी. आसपासच्या चार गावांतली पोरंपोरी पहाटे तिथं सराव करतात. ते बघून माझी छाती फुगायची. मी मोजलेला मैल! लातुरात वर्गात सांगायचो पोरांना, माझ्या मैलावर पळून किती जण वर्दीत गेले ते.

यंदा पुण्याहून लेकीनं मला घड्याळ पाठवलं, अंतर मोजणारं. येळवशीच्या सकाळी ते मनगटावर बांधून पुलावरून सुटलो. छान पळालो. आणि दगड अजून लांब असताना मनगटावर घड्याळ पीप-पीप करायला लागलं. मैल झाला म्हणे. मी मनात म्हटलं, पोरीला दुकानदारानं फसवलं. दगडाला हात लावून बघितलं तर एक पूर्णांक तीन शतांश मैल. परत पुलाकडं पळालो. पुन्हा तेच. मग चालत परत जाऊन, जिथं पहिल्यांदा पीप झालं होतं तिथून दगडापर्यंत पावलं टाकली. साठ पावलं. माझं पाऊल पाऊण मीटरचं. पंचेचाळीस मीटर.

सायकलच्या चाकाचा घेर मला अजून पाठ आहे. वीस फेऱ्यांचे किती होतात ते मी उभ्या उभ्या काढलं. जवळजवळ पंचेचाळीस मीटर. म्हणजे एक इसा. एक चिंचोका.

कसा जास्त झाला ते कळेना, पण पुढचा हिशेब आपोआप झाला. आम्ही छत्तीसच्या जागी सदतीस इसा पळालो होतो. मग माझे पाच मिनिटं सहा सेकंद म्हणजे खऱ्या मैलाला चार मिनिटं अठ्ठावन्न! मी पाचाच्या आत पळालो होतो! मी घामेजला शर्ट काढून डोक्यावर गरगर फिरवला. आंबिलीचं मडकं घेऊन चाललेली एक म्हातारी थांबून म्हणाली, "काय रं बाबा, बरा हायस न्हवं?" म्हटलं, "लई बरा हाय आज्जी, आज कुणी नाही एवढा."

हे लपवण्यात अर्थ नाही. पहिला आनंद मला माझा झाला. बसूची आठवण त्यानंतर आली, आणि आली तेव्हा हातातला शर्ट खाली आला.

त्याच्या घरी पोचलो तर शेतात जायची गडबड चाललेली. बसू ओसरीवर माझ्यासाठी ज्वारी मोजत होता. दरवर्षी पोतं भरून तयार असतं. यंदा उशीर झाला होता. अप्पांची जुनी पायली त्यानं भरली, वर हात फिरवला, पोत्यात ओतली आणि म्हणाला, "लाभ." मग दुसरी ओतली आणि म्हणाला, "दोन."

"एक कुठं गेलं?" मी विचारलं.

"मापाला एक नसतंय मास्तर. पयलं माप म्हंजी लाभ. एक म्हणलं तर धान्य एकटं पडतंय म्हणायचे अप्पा. कामून?"

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. पुलापासून थोडं पुढं अप्पा ओरडले होते तो लाभ म्हणजे पहिला इसा होता, आणि मी हात जोडले होते. किलोनं धान्य आणणाऱ्या घरातल्या पोराला हे कोण सांगणार? पण कारण कितीही खरं असलं तरी चिंचोका माझ्या खिशातला होता.

सांगावं की नाही, याचा मी सकाळभर घोळ घातला. अप्पा जाऊन पंधरा वर्षं झाली, सरही गेले. मी गप्प बसलो असतो तर जगात कुणालाच कळलं नसतं. आणि सांगून काय मिळणार होतं? बसूला त्याची तरणी वर्षं मी परत देऊ शकत नव्हतो. उलट असलेला दोस्तही जायचा. मला तीच भीती होती, नागडी भीती. शेतात कोपीजवळ जेवायला बसलो तरी मी उंडा नुसता कुस्करत होतो. सुजाता माझ्या कानाशी म्हणाली, "जे काय आहे ते सांगून टाका. तुमच्या तोंडावर दिसूनच राहिलंय." मग मी बसूला बोरीच्या झाडाखाली नेलं आणि सगळं सांगितलं. घड्याळ, पावलं, इसा, लाभ, माझे जोडलेले हात. काही राखून ठेवलं नाही.

तो बोरीच्या खोडाचं साल सोलायला लागला. मग म्हणाला, "माझा टाइम किती होतो मग?"

"चार मिनिटं पंचावन्न."

"परत सांग."

"चार पंचावन्न, बसू."

"म्हंजी आत."

"पाच सेकंद आत."

तो हसेल असं मला वाटलं. त्यानं हातातलं साल टाकलं. "दुसऱ्या दिवशी अप्पांनी हातात पायली दिली तवा मी मनाला काय म्हणलो, ठावं हाय? म्हणलो, आपण तीन सेकंदानं कमी हाव. कमीच हाव. त्येच धरून बसलो रे मी. पोरीचं लग्न मोडायला आलं तवा बी त्येच, अडत बुडाली तवा बी त्येच."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो आणि चुकलो. म्हणालो, "पण बघ, लांब मैलावर पळून कितीतरी पोरं भरतीत पास झाली. तेवढा फायदा..."

"जी पास झाली ती मोजून राहिलास तू," बसू म्हणाला. "दगडाकडं बघून जी घरी बसली, ती कोण मोजणार?"

तो उठून गेला. महानंदावहिनी, त्याची बायको, मला आग्रहानं आंबील वाढत होती, तेव्हा तो तोंड फिरवून बैलांना कडबा टाकत होता. आम्ही रात्री त्यांच्याच घरी राहिलो. मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. दोन वेळा पळाल्यावर लागते. पण पहाटे लवकर उघडली.

ओसरीवर बसू उभा होता. हातात पहार, खांद्यावर मिस्त्रीकडून आणलेली लांब टेप. म्हणाला, "माप चुकलंय म्हंजी दुरुस्त कराय पायजे. ऊठ."

पुलापासून आम्ही टेप लावत गेलो. पुढचं टोक त्याच्या हातात, मागचं माझ्या. दर पन्नास मीटरला तो खडूनं रेघ मारायचा आणि पुढं जायचा. ज्वारीच्या पानांवरून दव टपकत होतं. विहिरीपाशी, आमच्या तिसऱ्या पाव मैलात, तो क्षणभर थांबला आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा चालायला लागला. शेवटची रेघ जिथं पडली तिथून पांढरा दगड लांब पुढं दिसत होता. दगडापाशी भरतीची सहा-सात पोरंपोरी वाकून धापा टाकत होती. त्यांना वाटलं, रस्त्याचं काम निघालं. बसूनं दगडाखाली पहार घातली, मी खांदा लावला. तो हलला तसं पोरंही लागली, आणि लोळवत लोळवत आम्ही त्याला नव्या रेघेवर आणून बसवलं.

एक शिडशिडीत पोरगी घाम पुसत म्हणाली, "काका, दगड अलीकडं आणला, आमचा टाइम कमी येईल की आता."

"यिऊ दे. तुझाच हाय त्यो," बसू म्हणाला. मग तो ताठ उभा राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला असा उभा राहिलेला पाहिला नव्हता. "ह्यो मैल आता खरा हाय. अन् ऐका. ह्या सडकंवर पाच मिनटाच्या आत पयल्यांदा मी पळालोय. चार पंचावन्न. अनवाणी. ह्यो मास्तर दुसरा, चार अठ्ठावन्न."

"खरंच?" पोरगी म्हणाली.

"ह्याला इचार. मोजणारा ह्योच हाय."

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. त्यांना काहीच सांगितलं नसतं तरी चाललं असतं. बसूनं मला झाकून घेतलं होतं, ते मला कळत होतं. पण माझं तोंड राहिलं नाही. मी म्हणालो, "आणि आधीचा खोटा मैलही मीच मोजला होता. त्यापायी हा नांदेडला गेला नाही."

बसू माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या पाठीत थाप घातली. पोती मोजून घडलेला हात तो. मी दोन पावलं पुढं गेलो. त्यात दोस्ती होती, आणि राग होता, आणि राग काही थोडा नव्हता. मग त्यानं चपला काढून दगडाशेजारी ठेवल्या आणि पुलाकडं तोंड करून म्हणाला, "चल. आता माझ्या मागं ये."

पाठ दोन दिवस दुखली. लातुरात परत आल्यावर सुजाता मलम घेऊन आली होती. मी लावू दिलं नाही.